मानसशास्त्राची पदवी आणि मनाची शुश्रूषा

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की पुढील वाटेविषयी विचारावयास येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तोंडी पूर्वी डॉक्टर, इंजिनिअर, वकील व शिक्षक एवढीच नावे असत. अलीकडे त्यांत एका नव्या नावाची भर पडली आहे. ‘आम्हांला मानसशास्त्र घ्यावयाचे आहे व पुढे समुपदेशक व्हावयाचे आहे,’ असे सांगणारी मुले, आणि मुलांहूनही अधिक मुली, दरवर्षी आम्हांस भेटतात. हे ऐकून आम्हांस आनंद होतो; परंतु त्या आनंदात थोडी काळजीही मिसळलेली असते. आनंद अशासाठी की, दुसऱ्याचे दुःख ऐकून घेण्याची इच्छा तरुण मनात उपजणे हे चांगल्या संस्काराचे लक्षण आहे. काळजी अशासाठी की, एम. ए. ची पदवी हाती पडली आणि दारावर पाटी लागली म्हणजे मनाचे वैद्य होता येते, अशी यांतील पुष्कळांची व त्यांच्या पालकांचीही समजूत दिसते. ही समजूत चुकीची आहे. आणि तिच्यापासून होणारे नुकसान पाटी लावणाराला सोसावे लागत नाही, तर विश्वासाने त्याच्या दारी आलेल्या दुःखी माणसाला सोसावे लागते. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

मनाचा विचार आपल्याकडे नवा नाही. समर्थ रामदासांनी मनालाच उद्देशून श्लोक रचले. आपल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांनी शाळेचे तोंडही न पाहता मनाच्या चंचलपणावर जी कविता रचली, ती महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. आणि जळगावच्या विद्यापीठास २०१८ सालापासून याच माउलीचे नाव आहे. तथापि मनाचे स्वरूप ओळखणे आणि बिघडलेल्या मनाची शुश्रूषा करणे या दोन भिन्न गोष्टी होत. गिरणेच्या पुराचे यथार्थ वर्णन कवी करील. परंतु त्या पुरात टिकणारा पूल बांधावयाचा तर पाण्याचा वेग मोजणारा व पायाचा खडक तपासणारा माणूसच पाहिजे. मनाविषयी असे मोजण्याचे व तपासण्याचे शास्त्र जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली प्रयोगशाळा उघडली तेव्हापासून रीतसर वाढू लागले. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठाने १९१६ साली या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू केला, आणि मुंबई विद्यापीठात उपयोजित मानसशास्त्राचा विभाग १९५९ साली निघाला. म्हणजे हे शास्त्र आपल्या देशी शंभर वर्षांहून अधिक काळ नांदत आहे. असे असूनही त्याचा उपयोग सामान्य माणसाच्या दारापर्यंत फारसा पोहोचलेला नाही, हीच खेदाची गोष्ट होय.

ही उणीव केवढी मोठी आहे, ते पाहा. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली देशातील बारा राज्यांत जी पाहणी केली, तीत शंभर प्रौढ माणसांपैकी सुमारे साडेदहा जणांस त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले. आणि विकारपरत्वे शंभर आजाऱ्यांपैकी सत्तर ते ब्याण्णव जणांस उपचारच मिळत नव्हते. आपल्या राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत; खानदेशात त्यांपैकी एकही नाही. जळगावास २०१८ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, ही समाधानाची गोष्ट आहे. तरीही पाचोरे, भडगाव, जामनेर या बाजूच्या खेड्यातील कुटुंबात एखादा तरुण रात्र रात्र झोपेनासा झाला किंवा एखादी सासुरवाशीण बोलेनाशी झाली, तर प्रथम ‘बाहेरचे’ झाले असे समजून अंगारेधुपारे होतात. मग डोके जड आहे, छातीत धडधडते म्हणून साध्या डॉक्टरांच्या गोळ्या होतात. आणि घरातील गाठीचा पैसा संपल्यावर कोणी तरी रात्रीची गाडी धरून मुंबईस जाण्याचा सल्ला देतो. कपाशी हातची गेल्यावर घराच्या कोपऱ्यात गप्प बसून राहणारा बाप आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. अशा माणसांजवळ बसून त्यांचे ऐकणारे शिकलेले माणूस आपल्या तालुक्यात पाहिजे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, ते माणूस कसे तयार व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी कायद्यानेच दिले आहे, आणि ते पालकांनी नीट समजून घ्यावे अशी आमची विनंती आहे. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ सालचा आहे. त्या कायद्यान्वये चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करावयाचे तर परिषदेच्या नोंदवहीत नाव असावे लागते. नोंदणीवाचून असे काम करणारास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुढे २०१७ साली मानसिक आरोग्यसेवेचा कायदा झाला. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ कोणास म्हणावे, हे त्यात सांगितले आहे. परिषदेने मान्य केलेल्या संस्थेची या विषयातील मान्य पात्रता असावी. किंवा मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी असून तिच्यावर दोन वर्षांचा पूर्णवेळ एम. फिल. अभ्यासक्रम झालेला असावा, आणि त्यात जाणत्याच्या देखरेखीखाली रुग्णांमध्ये केलेल्या कामाचा समावेश असावा, असे त्याचे तात्पर्य आहे. बंगळूरच्या संस्थेत असे शिक्षण १९५५ सालापासून दिले जात आहे.

मध्यंतरी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम. फिल. ही पदवीच बंद करण्याचे ठरविले, आणि चिकित्सा-मानसशास्त्रापुरती तिची मुदत २०२५-२६ या वर्षापर्यंत वाढविली. त्यामुळे पदव्यांची नावे बदलण्याचा हा काळ आहे, आणि अशा काळातच फसगत होण्याचा संभव अधिक असतो. म्हणून आमचे सांगणे असे की, नावाकडे पाहू नका. प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी तो अभ्यासक्रम त्या वर्षी परिषदेच्या मान्य यादीत आहे काय, आणि त्यात देखरेखीखालील काम किती आहे, या दोन गोष्टी स्वतः पाहून घ्या. यांपैकी एकही नसेल, तर त्या पदवीने ज्ञान मिळेल, कदाचित नोकरीही मिळेल. परंतु रुग्णावर उपचार करण्याचा अधिकार मिळणार नाही.

कोणी म्हणेल, एवढी वर्षे कशासाठी? पदवीपर्यंत तीन किंवा चार, एम. ए. ची दोन, आणि वर पुन्हा प्रत्यक्ष कामाची दोन. मुलगा पंचविशीस पोहोचेपर्यंत शिकतच राहावयाचा काय? यावर आम्ही एक साधा दाखला देतो. पाचोरे हे रेल्वेचे गाव आहे. जामनेरकडे जाणारी आपली लहान गाडी २०२० साली थांबली. पण तिच्या शिट्टीवर दिवस मोजणारी माणसे अजून गावात आहेत. इंजिनाचे पुस्तक तोंडपाठ झाले म्हणून कोणाच्या हाती कधी गाडी दिली गेली काय? सहायक म्हणून जाणत्या चालकाशेजारी वर्षानुवर्षे उभे राहावे, प्रत्येक चढ, प्रत्येक वळण, प्रत्येक सिग्नल डोळ्यांखालून घालावा, आणि मगच शेकडो उतारूंचा जीव आपल्या हाती घ्यावा, अशी तेथील रीत आहे. माणसाचे मन इंजिनाहून साधे आहे असे समजण्याचे धाडस आम्ही तरी करणार नाही.

जाणत्या देखरेखीने काय साधते, याचे एक उदाहरण शाळेतीलच आहे. अमेरिकेत १८९६ साली लाइटनर विटमर यांनी पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय काढले. त्यांच्याकडे आलेला पहिला रुग्ण म्हणजे शुद्धलेखनात सदैव चुकणारा एक शाळकरी मुलगा होता, आणि त्यास घेऊन येणारी त्याची शिक्षिका होती. विटमर यांनी त्यास मठ्ठ ठरविले नाही आणि उपदेशही केला नाही. त्यांनी प्रथम तपासले, तो मुलाच्या दृष्टीत दोष निघाला व चष्म्याची गरज दिसली. पुढे त्यास वाचन व लेखन वेगळ्या रीतीने शिकविण्यात आले. आता विचार करा: त्या ठिकाणी अर्धवट शिकलेला एखादा गृहस्थ असता, तर त्याने त्या मुलास आळशी म्हटले असते, किंवा एखाद्या मोठ्या रोगाचे नाव देऊन मोकळा झाला असता. आपल्या राज्यात अध्ययनाची विशिष्ट अडचण असणाऱ्या मुलांस १९९६ सालापासून शालान्त परीक्षेत सवलती मिळू लागल्या. अशा मुलाची पारख चुकली तर खऱ्या गरजूची सवलत जाते, आणि गरज नसलेल्याच्या कपाळी नसलेला दोष चिकटतो. मुलाचे सारे आयुष्य ज्या शब्दावर अवलंबून आहे, तो शब्द उच्चारणाराची जीभ तयार असावी लागते.

पदव्युत्तर शिक्षण आणि प्रत्यक्ष काम यांची सांगड घालण्याचा कित्ता महाराष्ट्रात फार पूर्वी घातला गेला आहे, हे आमच्या वाचकांस ठाऊक असावे. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट हे मुंबईत नागपाड्याच्या दाट वस्तीत, गिरणी कामगारांच्या व गरीब कुटुंबांच्या शेजारात, सेवाकेंद्र चालवीत होते. तेथेच १९३६ साली सर दोराबजी टाटा पदव्युत्तर समाजकार्य विद्यालय सुरू झाले व मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक झाले. तेच आजचे टाटा समाजविज्ञान संस्था नावाचे विख्यात विद्यापीठ होय. दुसऱ्याच वर्षी, १९३७ साली, त्या विद्यालयाने बालमार्गदर्शन केंद्र उघडले. देशातील असे ते पहिले केंद्र म्हणून ओळखले जाते. पदवीधर विद्यार्थ्याने वर्गात ऐकावे आणि वस्तीत जाऊन करावे, हा तेथील शिक्षणाचा कणा होता. पुस्तक आणि वस्ती यांची ताटातूट करून कोणी मनाचा सेवक होत नाही, एवढा बोध त्यापासून आपण घ्यावा.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपल्या शेजारच्या वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत, ‘विश्राम’ नावाचा एक उपक्रम झाला. त्यात गावच्याच माणसांस थोडके शिक्षण देऊन खिन्नतेने ग्रासलेल्या लोकांस आधार देण्याच्या कामी लाविले. त्याचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. अशा आजाऱ्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणारांचे प्रमाण आरंभी शेकडा ४.३ होते, ते दीड वर्षात शेकडा २७.२ झाले. गोव्यातील ‘संगथ’ संस्थेच्या प्रयोगांतूनही असाच अनुभव आला. मग गावातील सामान्य शिकलेली बाई हे करू शकते, तर आमच्या मुलीने सात-आठ वर्षे कशाला घालवावी, असे पालक विचारतील. उत्तर असे की, ती बाई एकटी नव्हती. तिने काय करावे हे आधी जाणत्यांनी आखून दिले होते. ती अडली म्हणजे विचारावयास कोणी होते. आणि आजार जड आहे असे दिसले तर रुग्णास पुढे मनोविकारांच्या डॉक्टरांकडे पाठविण्याची सोय होती.

शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस लहानपणापासून ठाऊक आहे. त्याने जखमा बांधल्या, तेल व द्राक्षारस ओतला, आणि मग त्या जखमी माणसास उतारशाळेत नेऊन दुसऱ्याच्या हाती सोपविले. आपल्याला जेवढे येते तेवढे मनापासून करावे आणि येत नाही तेथे योग्य हाती सोपवावे, हा त्या गोष्टीतील धडा सहसा कोणी सांगत नाही. परंतु वाटेवर शोमरोनी शंभर असले, तरी उतारशाळा पाहिजेच. आपल्या जिल्ह्यास गावोगावचे मदतनीस हवेत, आणि त्यांस शिकविणारे, सांभाळणारे, त्यांच्या चुका वेळीच दाखविणारे पुरते शिकलेले थोडे तरी लोक हवेत. आमच्या शाळेतील जी मुले हा मार्ग धरतील, त्यांनी दुसऱ्या प्रकारचे लोक व्हावे, अशी आमची आकांक्षा आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ती म्हणजे भाषेची. फ्रान्समध्ये निघालेली बिने यांची बुद्धिमापनाची कसोटी आपल्या देशी आणण्याचा पहिला उद्योग लाहोरच्या फोर्मन ख्रिश्चन कॉलेजातील हर्बर्ट राइस यांनी १९२२ साली हिंदुस्थानीत केला. पुढे धारवाडचे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कानडी मुलांकरिता तीच कसोटी नव्याने बसविली व तिच्यावरील ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध केला. हे श्रम त्यांनी कशासाठी घेतले? परक्या भाषेत विचारलेला प्रश्न मुलाची बुद्धी मोजत नाही, त्याची त्या भाषेशी असलेली ओळख मोजतो, हे त्यांस कळले होते म्हणून. मुंबईचे प्राध्यापक कि. मो. फडके यांनी अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी माणसापर्यंत आणली. ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली काढलेली मानसिक आरोग्याची संस्था आपले बरेचसे लोकशिक्षण मराठीतूनच करते.

आता हेच आपल्या घरी लावून पाहा. आपल्या गावची म्हातारी ‘मला खिन्नता आली आहे’ असे कधी म्हणणार नाही. ती म्हणेल, ‘माले करमस नही.’ एवढ्या तीन शब्दांत तिची सारी व्यथा आहे. सगळे शिक्षण इंग्रजीत झालेला व अहिराणी विसरलेला विद्वान ते शब्द कानावेगळे करील, आणि कसोटीचा कागद पुढे ठेवील. जो मुलगा आज घरी अहिराणी बोलतो आणि शाळेत बोलावयास लाजतो, त्याच्याजवळ पुढे या व्यवसायात लागणारे, आणि कोणत्याही विद्यापीठात विकत न मिळणारे, एक साधन आजच आहे. त्याची लाज धरू नये, ते जपावे.

सुज्ञ पालकहो, तुमच्या दोन शंका आम्ही जाणतो. पहिली अशी की, लोक आमच्या मुलीस ‘वेड्यांची डॉक्टरीण’ म्हणतील, आणि तिचे लग्न अडेल. शंभर वर्षांपूर्वी परिचारिका होणाऱ्या मुलींसही लोक असेच बोलत. आज त्याच मुलींना घरात मानाने विचारले जाते. लोकांची जीभ सेवेपुढे कालांतराने नमते. दुसरी शंका पैशाची व काळाची आहे, आणि ती खरी आहे. या मार्गात कमाई उशिरा सुरू होते. ज्या घरास इतके दिवस थांबणे शक्य नाही, त्याने कर्ज काढून अर्ध्या वाटेवर थांबण्यापेक्षा मानसशास्त्र शिकून उत्तम शिक्षक व्हावे, कारखान्यातील कर्मचाऱ्यांच्या कामात शिरावे, किंवा शाळेत विद्यार्थ्यांस मार्गदर्शन करण्याचे रीतसर शिक्षण घ्यावे. यांत कमीपणा मुळीच नाही. कमीपणा आहे तो नसलेला अधिकार पाटीवर लिहिण्यात.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस आमचे सांगणे थोडके आहे. हा विषय घ्यावयाचा तर गणितास भिऊ नका, कारण या शास्त्राचा निम्मा आधार संख्याशास्त्रावर आहे. शरीरविज्ञान वाचा, कारण पुष्कळदा मनाचे म्हणून सांगितलेले दुखणे शरीराचे निघते. मराठी चांगली वाचा व लिहा. मित्राने विश्वासाने सांगितलेली गोष्ट आज पोटात ठेवण्याची सवय लावा. जो शाळेत चुगली करतो, त्यास पुढे गुप्तता पाळण्याचा कायदा शिकवून उपयोग होत नाही. आणि स्वतःचे मन जड झाले तर ते लपवू नका. आपल्या शिक्षकांस, आईवडिलांस सांगा. २०२२ साली सरकारने सुरू केलेली १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनीसेवाही अहोरात्र उपलब्ध आहे. मदत मागण्यास जो लाजत नाही, तोच दुसऱ्यास मदत मागावयास शिकवू शकतो.

शेवटी एकच मागणे. जे कोणी पुण्यास, मुंबईस, बंगळुरास जाऊन पुरते शिकतील, त्यांनी परत यावे. सर्वांनीच यावे असा आमचा आग्रह नाही. परंतु दहांतून दोघे आले, तरी पाचोऱ्याच्या बाजारपेठेत एखादी साधी खोली उघडेल, तिच्या दारावरील पाटी खरी असेल, आणि आत बसलेले माणूस पायरीवर घुटमळणाऱ्या म्हातारीस तिच्याच बोलीत ‘बस माय’ म्हणेल. त्या दिवसासाठी सात-आठ वर्षे थांबणे आम्हांस फारसे अवघड वाटत नाही. परमेश्वर आमच्या मुलांस तेवढे धैर्य, आणि त्यांच्या पालकांस तेवढा धीर देवो.